न दिसणारा उजेड

१९९५ साली बॉस्टनमधल्या संशोधकांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. संपूर्ण अंध असलेल्या अकरा जणांना त्यांनी रात्री प्रखर दिव्यासमोर बसवलं आणि त्यांच्या रक्तातलं मेलाटोनिन मोजलं. अंधार पडल्याची वर्दी अंगभर पोचवणारं हे संप्रेरक. डोळ्यांवर उजेड पडला की ते घटतं. या मंडळींना दिवा लागलाय की विझलाय हेही सांगता येत नव्हतं. तरी त्यांच्यापैकी तिघांचं मेलाटोनिन खाली आलं! डोळे झाकून पाहिलं, तर परिणाम गायब. म्हणजे जे डोळे काहीच पाहत नव्हते, त्यांना उजेड मात्र कळत होता.

या कोड्याचा उलगडा २००२च्या सुमारास झाला. दृष्टिपटलात चित्र टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात, हे शंभरेक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. ब्राऊन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथे तिसऱ्या प्रकारच्याही पेशी आहेत, संख्येने अगदी थोड्या. मेलानोप्सिन नावाच्या रंगद्रव्यामुळे त्यांना स्वतःलाच उजेड जाणवतो. चेहरा, अक्षर, रस्ता यांच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नाही. बाहेर उजेड किती आणि किती वेळ, एवढंच त्या मोजत बसतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, जेमतेम वीस हजार चेतापेशींच्या घड्याळाला कळवतात. सगळ्यात चटकन त्या प्रतिसाद देतात तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला. निरभ्र आकाशाचा निळा रंग याच पट्ट्यातला. उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत तर या पेशींचा एक धागा घड्याळाला वगळून थेट मनःस्थितीशी निगडित भागाकडे जाताना सापडला आहे.

हाच उजेड कमी पडला तर काय होतं, ते पाहायला आता टोरंटोकडे वळू. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आई-बाबा मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागातल्या कितीतरी मराठी घरांत भेटतात. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम नऊ तासांचा, सूर्य पावणेपाचच्या आत बुडतो. पुण्याचा वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि घरात खालच्या बेसमेंटमधली खोली, जिची एकुलती एक खिडकी छताला टेकलेली. मग फोनवर ऐकू येतं, ‘‘तसं कमी काही नाही गं, पण मन लागत नाही.’’ उतारवयातलं औदासीन्य पुष्कळदा रडू बनून येतच नाही. गुडघे दुखतात, जेवण जात नाही, टीव्ही लावला तरी पाहवत नाही, अशा वाटांनी ते येतं. घरची माणसं म्हणतात, गावची आठवण येत असेल. येतेच. पण खिडकीबाहेरचा अंधारही आपलं काम करत असतो.

दर हिवाळ्यात येणारं आणि वसंतात आपोआप ओसरणारं हे औदासीन्य नॉर्मन रोझेंथल यांनी १९८४ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडलं. ते स्वतः जोहान्सबर्गच्या उन्हातून अमेरिकेत आलेले, आणि तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो हे त्यांनी अंगावर अनुभवलेलं होतं. झोप वाढणं, गोड आणि पिठूळ खावंसं वाटणं ही त्याची नेहमीची लक्षणं. हा त्रास बहुधा तरुणपणी सुरू होतो. पण साठी ओलांडल्यावर आयुष्यातला पहिलाच उत्तरेकडचा हिवाळा पाहणाऱ्याला या गोष्टीची कोणी कल्पनाच दिलेली नसते.

त्यात वयाची भर. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं वापरलेल्या तुपाच्या बरणीसारखं पिवळट होत जातं, बाहुलीही लहान होते. पिवळं भिंग अडवतं ते नेमकं निळ्या प्रकाशाला. २००८ साली दोन नेत्रतज्ज्ञांनी हिशेब मांडला. त्यानुसार दहा वर्षांच्या मुलाच्या तुलनेत पंचाहत्तरीच्या माणसाच्या शरीरघड्याळाला मिळणारा उजेड पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. म्हणजे एकाच सोफ्यावर, एकाच खिडकीशेजारी बसलेल्या नातवाचा आणि आजोबांचा दिवस वेगवेगळ्या लख्खपणाचा असतो! चित्रकार क्लोद मोने यांनी १९२३ मध्ये मोतीबिंदू काढून घेतल्यावर आपल्याला सगळंच फार निळं दिसतंय अशी तक्रार केली होती. मोतीबिंदू पिकलेला असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग करायचं काय? आधी बसायची जागा बदलायची. मोबाइलमधलं उजेड मोजायचं साधं ॲप घेऊन घरातून फिरलं तर थक्क व्हायला होतं. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात आकडा शंभर ते तीनशे लक्सच्या आसपास रेंगाळतो. बाहेर ढगाळ, मरगळलेल्या दुपारीही तो काही हजारांवर जातो, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आपल्याला एवढा फरक जाणवत नाही, कारण पाहणारे डोळे मिळेल त्या उजेडाशी जुळवून घेतात. मोजणाऱ्या पेशी मात्र फसत नाहीत. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत सरकलं की आकडा कोसळतो. तेव्हा खुर्ची काचेला लागून, जाड पडदे पूर्ण सरकवलेले आणि सकाळचा चहा तिथेच. बेसमेंटमध्ये नाही.

बाहेर चालणं त्याहून बरं. इथे एक गंमत आहे. थंडीमुळे ज्येष्ठ मंडळी मॉलमध्ये चालायला जातात. पायांना, हृदयाला, गप्पांना ते उत्तमच, पण उजेडाच्या हिशेबात मॉल म्हणजे मोठा दिवाणखाना. उलट ज्या बर्फाला घाबरून आपण घरात बसतो, तो ताजा असेल तर अंगावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक परत उधळतो. फक्त रस्त्यावर गोठलेला पारदर्शक बर्फ दिसत नाही आणि कंबरेचं हाड मोडतं. म्हणून बुटांना काटेरी पट्टे, लहान पावलं, आणि निसरडं असेल त्या दिवशी नुसतं ओट्यावर उभं राहिलं तरी चालेल.

नॉर्वेतल्या र्‍युकान गावाने उजेड गाठायच्या दोन वाटा काढल्या. खोल दरीतलं हे गाव जवळजवळ सहा महिने डोंगराच्या सावलीत. १९२८ मध्ये तिथे रज्जुमार्ग बांधला, लोकांनी वर जाऊन ऊन खावं म्हणून. २०१३ मध्ये डोंगरावर तीन प्रचंड आरसे बसवून ऊनच खाली चौकात आणलं. मला यातला रज्जुमार्ग जास्त आवडतो, कारण त्यात माणूस स्वतः उठून उजेडाकडे जातो.

ज्यांना बाहेर पडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी दहा हजार लक्सचा लाइट बॉक्स असतो. रोज सकाळी साधारण अर्धा तास, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे टक लावून न पाहता, पेपर वाचत बसायचं. दृष्टिपटलाचा आजार असेल, मन कधी अति उल्हासाकडे झुकत असेल किंवा चालू औषधांनी प्रकाश सोसत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारणं आवश्यक. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या हाडांसाठी डॉक्टर देतील त्या घ्याव्यात. मनासाठी त्यांच्यावर भिस्त नको. पन्नाशी ओलांडलेल्या अठरा हजारांहून अधिक अमेरिकनांना सरासरी पाच वर्षं त्या देऊन पाहिल्या, औदासीन्य टळलं नाही. हा निष्कर्ष २०२०चा.

व्हर्माँट विद्यापीठातल्या केली रोहन यांनी आणखी एक गोष्ट तपासली. निम्म्या लोकांना सहा आठवडे दिवा, निम्म्यांना सहा आठवडे विचार आणि दिनक्रम बदलण्याचं समुपदेशन. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सावरले. पण पुढच्या दुसऱ्या हिवाळ्यात दुखणं परतलं ते समुपदेशनवाल्यांत कमी. ते काय शिकले होते? इच्छा होण्याची वाट न पाहता आवडीची कामं वेळापत्रकात बसवायची. औदासीन्यात इच्छा आधी येत नाही, कृतीमागून येते. उठायची वेळ ठरलेली, वामकुक्षी लहानशी, आठवड्यातून दोनदा कोणाकडे तरी जाणं, ही त्याचीच घरगुती रूपं.

दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, अन्न-झोप बिघडली असेल, तर सवयींवर विसंबू नये. सरळ डॉक्टरांकडे जावं. जगणं नकोसं वाटत असेल तर कॅनडात ९८८ या क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं.

टोरंटोच्या आजींना एक सोय आयतीच मिळाली आहे. हिवाळ्यात तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे साताऱ्यातले संध्याकाळचे सात. बहीण देवापाशी दिवा लावून मोकळी झालेली असते, इकडे सूर्य नुकता वर आलेला. रोजचा फोन त्याच वेळी, खिडकीत बसून किंवा फाटकापर्यंत चालत केला, तर उजेड, माणूस आणि उठायची वेळ तिन्ही एका फोनात साधतात. मार्चमध्ये तिथली घड्याळं तासभर पुढे गेली की साताऱ्यातला फोन सहालाच वाजतो, आणि बहीण विचारते, ‘‘आज लवकर उठलीस का गं?’’