लहान पोटाचा मोठा हिशेब

नव्या लावलेल्या रोपाला एकदम घागरभर पाणी ओतून आपण आठ दिवस रानाकडे पाठ फिरवत नाही. थोडे थोडे, पण वेळच्या वेळी पाणी देतो; कारण त्याची मुळे अजून वरच असतात. घरातल्या दीड-दोन वर्षांच्या पोराच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. मोठी माणसे दोनदा जेवतात, म्हणून तेही दोनदाच जेवते. मध्येच रडले की त्याच्या हाती चहा-बिस्किट पडते. मग "खाल्लेले अंगी लागत नाही" अशी तक्रार सुरू होते.

एकदा हिशेब मांडून पाहा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे हजार ते अकराशे उष्मांक लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला लागतात एकवीसशेच्या आसपास. म्हणजे मुलाचे वजन आईच्या पावपट, पण अन्नाची गरज जवळजवळ निम्मी! ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे २०० उष्मांक मिळतात. नुसत्या भाकरीवर भागवायचे तर त्या पोराला रोज पाच भाकरी खाव्या लागतील. इवल्याशा पोटात त्या मावणार कशा?

यावर उपाय दोनच. खाणे घट्ट आणि सकस करा, आणि दिवसातून पाच वेळा द्या.

वरचे पाणी नको, खालची डाळ द्या

पुष्कळ घरांत बाळाला वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज देतात. जड पडू नये हा त्यामागचा हेतू. पण त्या वाटीत बहुतेक पाणीच असते. पोट भरते आणि अंगाला काही मिळत नाही. डाळ मऊ शिजवून घोटा आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट ठेवा. तीन भाग तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या, एक भाग मूगडाळ, अशी खिचडी करा. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढते. वर एक चमचा तेल किंवा तूप घाला. तेवढ्यानेच ४५ उष्मांक वाढतात आणि वाटी मात्र तेवढीच राहते.

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवा. साध्या पिठाची घट्ट लापशी शिजवून कोमट झाली की तिच्यात हे मोडाचे पीठ चमचाभर घालून ढवळा आणि पुन्हा एक उकळी आणा. पाणी न घालताही लापशी सैल होते आणि बाळाला गिळायला सोपी जाते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेही हाडांना कामी येते.

विकण्याआधी बाजूला काढा

आपल्याच घरचे दूध डेअरीला जाते, अंडी बाजारला जातात, शेंगा आडतीवर जातात. संसाराला पैसा लागतोच, त्यात गैर काही नाही. पण कॅन भरण्याआधी पोराचे पाव लिटर दूध बाजूला काढा. गाईच्या तेवढ्या दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. या वयाची दिवसाची गरज ५०० आहे. मात्र दूधच दूध पाजून जेवण मारू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाच्या जागी वरचे दूध देऊ नका.

शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. लहान मुलाला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. भाजून बारीक कूट करून गुळाबरोबर द्या. बुरशी आलेले, काळवंडलेले दाणे मात्र टाकूनच द्या.

चहा मुलाला नकोच. तो भूक मारतो आणि अन्नातले लोह अंगाला लागू देत नाही. पालेभाजी, बाजरी, हुलग्याचे माडगे यांत लोह असते. वर लिंबू पिळले की ते अधिक लागू पडते.

दिवसाची पाळी

दोन वर्षांच्या मुलासाठी अशी पाळी बसवा:

सकाळी – दूध-गूळ घालून नाचणीची घट्ट लापशी.
दहाच्या सुमारास – दुधात कुस्करलेली भाकरी किंवा उकडलेले अंडे.
दुपारी – घट्ट वरण-भात, तेल-तूप, मऊ शिजवलेली पालेभाजी.
चारला – केळे किंवा दाण्याच्या कुटाचा लाडू.
सांजेला – खिचडी किंवा आमटीत भिजवलेली भाकरी.

तुम्ही रानात गेलात तर दहाचे आणि चारचे खाणे झाकून ठेवा आणि सासूबाईंना सांगून जा. मुलाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळेल. मुलीची वाटी मुलाच्या वाटीपेक्षा लहान असू नये.

सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचे खाणे सुरू करा आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरही पाजा. जुलाब झाले म्हणून खाणे तोडू नका. जलसंजीवनी पाजा, मऊ अन्न चालू ठेवा आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक वेळ जादा खाऊ घाला.

वजनाचा काटा खोटे बोलत नाही

मूल हसते-खेळते म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे भरून निघणे फार कठीण. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या योजनेतून आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. तिथे दरमहा वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ वर चढते की नाही ते स्वतः पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

घरधन्यालाही हा हिशेब वाचून दाखवा. पिकाची पाळी तो चुकवत नाही. पोराची पाळीही मग त्याच्या ध्यानात राहील.