काडतुसांची नावे : संख्या, समास आणि अर्थ

मराठीतील 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज 'कार्तुशु' ह्या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी कागद आहे. दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधून सैनिक ती जवळ बाळगीत, त्या काळाचे हे नाव होय. पुढे सुरळी पितळेची झाली, कागद गेला. नाव मात्र राहिले. 'दारू' ह्या फार्सी शब्दाचीही कथा अशीच. त्याचा मूळ अर्थ औषध. आणि जर्मन भाषेतही बंदुकीच्या दारूला पूर्वी 'क्राउट', म्हणजे वनस्पती, ह्याच शब्दाने ओळखीत. वस्तू पालटली तरी नाव टिकते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. आणि एरवी तिच्यामुळे कोणाचे काही बिघडतही नाही. परंतु असा एक छंद आहे की ज्यात शिळ्या नावाचा अर्थ शब्दशः घेणाऱ्यावर हात किंवा डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते. तो छंद म्हणजे पिस्तुलाची व रायफलीची काडतुसे घरी भरणे.

ह्या छंदाचे मुख्य घर अमेरिका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करता येत नाहीत; अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती ती भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या 'आयडिअल' कंपनीने काडतुसे भरण्याची हातहत्यारे विकून ह्या छंदाला चालना दिली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याची उरलेली दारू स्वस्तात बाजारात आल्यावर तो घरोघरच्या तळघरांत शिरला. काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडातील स्फोटक टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी जाते. उरते ती पुंगळी, आणि सर्वांत महागडी वस्तूही तीच. ती साच्यात दाबून पूर्ववत आकारास आणावयाची, नवी टोपी बसवावयाची, काट्यावर तोललेली दारू घालावयाची आणि तोंडाशी नवी गोळी बसवावयाची, इतकाच हा व्यवहार. दारू किती व कोणती, हे मात्र छंदी माणसाने स्वतः ठरवावयाचे नसते. ते दारूच्या व गोळीच्या कारखान्यांनी चाचण्या घेऊन छापलेल्या कोष्टकांत असते. त्या कोष्टकात शिरण्याचा दरवाजा म्हणजे काडतुसाचे नाव.

आता हे नाव कसे असते ते पाहावे. '.४५-७०' हे अमेरिकन सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेले काडतूस. पहिली संख्या गोळीचा व्यास इंचाच्या शतांशांत सांगते, दुसरी काळ्या दारूचे वजन 'ग्रेन' ह्या मापात सांगते. येथवर नाव हे वर्णनच आहे. मग '.३०-०६' येते. येथेही पहिली संख्या व्यासाचीच. परंतु '०६' म्हणजे वजन नव्हे, ते १९०६ हे स्वीकाराचे वर्ष होय. १९१५ च्या '.२५०-३०००' मध्ये दुसरी संख्या गोळीचा वेग, दर सेकंदास तीन हजार फूट, सांगते, आणि तीत जाहिरातीचाही अंश आहे. '.२२-२५०' मध्ये ती पूर्वजाची खूण आहे : '.२५०' च्या पुंगळीची मान आवळून तीत .२२ ची गोळी बसविली. अर्थात एकाच आडव्या रेषेनंतरचे एकच स्थान चार निरनिराळ्या अर्थांनी भरले गेले आहे, आणि कोणत्या नावात कोणता अर्थ घ्यावयाचा हे सांगणारे कोणतेही चिन्ह नावात नाही.

'.२५-०६' हे नाव तर व्याकरणाच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावे असे आहे. त्यातील '०६' हे त्या काडतुसाचे वर्ष नव्हे. हे काडतूस प्रथम छंदी लोकांनीच घडविले आणि रेमिंग्टन कारखान्याने ते १९६९ मध्ये अंगीकारले. 'ज्याची पुंगळी .३०-०६ ची आहे असे .२५' असा त्याचा विग्रह. मधले सारे पद लोपले आणि पूर्वजाच्या जन्मवर्षाचे शेपूट तेवढे राहिले. आपल्याकडील मध्यमपदलोपी समासाहून हे वेगळे नाही.

समासातील पदांचा क्रमही सर्वत्र सारखा नाही. अमेरिकन नावात गोळीचा व्यास आधी आणि पूर्वज नंतर येतो. ब्रिटिश नावात नेमके उलटे. मार्टिनी-हेन्री रायफलीचे '.५७७/४५०' हे काडतूस म्हणजे .५७७ ची पुंगळी आवळून .४५० ची गोळी बसविलेले. ह्याच काडतुसामुळे भारताचा ह्या नामावलीशी एक खरा संबंध जडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात व सुदानात .४५० व्यासाच्या रायफली व काडतुसे आणण्यावर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी शिकाऱ्यांच्या काडतुसांतील गोळ्या काढून पुन्हा भरल्या जातील, अशी ती भीती होती. शिकारी रायफलींच्या इंग्रज कारखानदारांना भारताची बाजारपेठ सोडावयाची नव्हती. म्हणून त्यांनी '.४६५', '.४७०', '.४७५' अशी काडतुसे काढली. घरी काडतूस भरण्याच्या भयातून जन्मलेल्या ह्या संख्या आहेत. त्यांत भौतिकशास्त्रापेक्षा राजकारण अधिक आहे.

दुसरी संख्या फसवी आहे हे एकदा समजले की निदान पहिलीवर तरी भरवसा ठेवावा असे वाटते. तोही ठेवता येत नाही. रायफलीच्या नळीत आतून पिळदार सऱ्या खोदलेल्या असतात, आणि दोन सऱ्यांमध्ये वरंबे राहतात. व्यास वरंब्यापासून वरंब्यापर्यंत मोजला तर एक संख्या येते, सरीपासून सरीपर्यंत मोजला तर दुसरी. ब्रिटिशांच्या '.३०३' मध्ये वरंब्यांचे माप आहे. तिची गोळी प्रत्यक्षात सुमारे.३११ इंचाची असते. उलट '.३०८ विंचेस्टर' ह्या १९५२ च्या नावात सरीचे माप आहे. '.३०-०६', '.३०० सॅव्हेज' आणि '.३०८ विंचेस्टर' ह्या तिन्ही नावांत संख्या वेगवेगळ्या. गोळी मात्र तिन्हींत.३०८ इंचाचीच. पिस्तुलांकडे वळले तर '.३८ स्पेशल' मध्ये .३८ असे काहीच नाही. पूर्वीच्या काडतुसांत गोळीचा व्यास पुंगळीच्या बाह्य व्यासाएवढा असे, त्या काळचा तो आकडा आहे, आजची गोळी.३५७ इंचाची आहे. १९३५ मध्ये '.३५७ मॅग्नम' आले तेव्हा त्याच व्यासाला त्याचे खरे माप नाव म्हणून मिळाले. ही दोन काडतुसे गोळीच्या बाबतीत सख्खी भावंडे आहेत, पण नावावरून तसा संशयही येत नाही.

म्हणूनच नावामागे लागणारे 'विंचेस्टर', 'सॅव्हेज', 'रेमिंग्टन' हे शब्द केवळ कारखान्याचा मान राखण्यासाठी आहेत असे समजू नये. गावात चार दत्तू असले म्हणजे आडनावावाचून ओळख पटत नाही, तसे नुसते '.३००' म्हटल्याने कोष्टकातील कोणतेच पान सापडत नाही. गंमत अशी की हे आडनाव पुष्कळदा कारखान्यांनाच नकोसे होते. विंचेस्टरच्या एका काडतुसाला मार्लिन कारखान्याने '.३०-३०' म्हटले ते प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या रायफलीवर कोरावे लागू नये म्हणून. आणि आज तेच नाव रूढ आहे. येथील दुसरे तीस हे आरंभीच्या धूरविरहित दारूचे वजन. '.४५-७०' मधील सत्तर काळ्या दारूचे होते. स्थान तेच, माप तेच, पदार्थ मात्र भिन्न. काळ्या दारूच्या वजनाइतकी धूरविरहित दारू भरणारा मनुष्य नावावर विश्वास ठेवतो आणि रायफल फोडतो.

नावाच्या लेखनातूनही घोटाळा उद्भवतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मन आहे. १८८८ च्या जर्मन पायदळी काडतुसाची गोळी .३१८ इंचाची होती. '८×५७ आय' असे तिचे नाव, आणि 'आय' म्हणजे 'इन्फांटेरी', पायदळ. पुढे १९०५ मध्ये टोकदार गोळी आली. तिचा व्यास .३२३ इंच; तिला 'एस' हे अक्षर जोडले. जुन्या जर्मन लिपीत 'आय' आणि 'जे' ह्यांची मोठी अक्षरे एकाच वळणाची असल्यामुळे बाहेरच्या वाचकांनी 'आय'चे 'जे' केले, आणि इंग्रजी पुस्तकांतून आजही हे काडतूस 'जे' म्हणूनच हिंडते. लिपिदोषाने पाठ बिघडल्याचे हे उदाहरण पोथ्यांच्या संपादकास ओळखीचे वाटेल. भेद आहे तो एका अक्षराचा आणि मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्शाचा. परंतु जुन्या अरुंद नळीत रुंद गोळी घातली असता दाब धोक्याच्या पातळीस जातो. कोणाच्या रायफलीची नळी कोणती हे ठाऊक नसल्यामुळे अमेरिकन कारखाने हे काडतूस मुद्दाम सौम्य भरीत आले. घरी भरणाऱ्यास मात्र ते अक्षर स्वतःच वाचावे लागते.

दारूच्या नावांची तऱ्हा ह्याहून निराळी नाही. 'एच ४८३१' आणि 'आयएमआर ४८३१' ह्यांत अंक तेच. पण दुसरी पहिलीपेक्षा लवकर जळते, आणि एकीचे कोष्टक दुसरीस लावणे धोक्याचे आहे. ओळख अंकांत नसून आरंभीच्या अक्षरांत आहे, आणि वाचणाऱ्याचा डोळा नेमका अंकांवर जातो. 'ग्रेन' हा शब्द तर दुहेरी अर्थाचा. तो मूळचा धान्याचा दाणा, पुढे वजन झाला, जशी आपल्याकडे गुंज. एका पौंडात असे ७००० ग्रेन. परंतु दारूच्या कणासही इंग्रजीत 'ग्रेन'च म्हणतात, त्यामुळे नवशिक्यास वाटते की दाणे मोजावयाचे. त्याहून वाईट म्हणजे 'ग्रेन' व 'ग्रॅम' ह्यांची संक्षिप्त रूपे एकमेकांसारखी आहेत, आणि एका ग्रॅममध्ये पंधराहून अधिक ग्रेन असतात.

राहिला तो पुंगळीच्या बुडावरील शिक्का. कारखान्यातून पुंगळी निघते तेव्हा तो शिक्का खरा असतो. छंदी मनुष्याने .३०-०६ ची पुंगळी आवळून .२५-०६ केली की बुडावरचा लेख खोटा ठरतो, आणि तो पुसता येत नाही. तेव्हा खरे नाव उरते ते फक्त डब्यावरील चिठ्ठीवर : काडतूस, गोळीचे वजन, दारूचे पूर्ण नाव, तिचे प्रमाण, टोपी, भरल्याची तारीख. ह्या छंदातील जुनी मंडळी चिठ्ठीबाबत कमालीची काटेकोर असतात आणि नवख्यास ते वेड वाटते. परंतु डब्यातून बाहेर पडलेली दारू नुसत्या रंगरूपावरून कोणती हे खात्रीने सांगता येत नाही. छंदी माणसाच्या पश्चात त्याच्या तळघरात बिनचिठ्ठीचे डबे सापडले तर आतील काडतुसे कितीही नीटनेटकी दिसोत, ती उडवावयाची नाहीत. ती उकलून पुंगळ्या तेवढ्या ठेवावयाच्या आणि दारू नष्ट करावयाची, असा त्या मंडळींचा दंडक आहे.