झाडाला वळसा घालणारी चकती

२६ जून २०२१. अमेरिकेच्या युटा राज्यातील ऑग्डेन शहरात डिस्क गोल्फच्या व्यावसायिक जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. शेवटच्या, अठराव्या लक्ष्यावर पाच वेळचा जगज्जेता पॉल मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. जेम्स कॉनरॅडला बरोबरी साधायची तर २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरवरून, चकती थेट बास्केटमध्ये टाकणे भाग होते. त्याने फेकलेली चकती हवेत उजवीकडे वळत गेली, साखळ्यांवर आदळली आणि बास्केटमध्ये पडली. बरोबरी झाली आणि त्यानंतरच्या जादा लक्ष्यावर जिंकून कॉनरॅड जगज्जेता झाला.

या फेकीची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. पण नवशिक्यांनी त्यातून घेण्यासारखी गोष्ट सहज नजरेतून सुटते. कॉनरॅडच्या हातात लांब पल्ल्याची वेगवान चकती नव्हती. ती होती ‘पटर’, म्हणजे जवळून टाकण्यासाठी बनवलेली संथ चकती.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या अनेक मराठी आई-वडिलांनी उद्यानात साखळ्या लोंबणारे लोखंडी खांब पाहिले असतील. तेच या खेळाचे लक्ष्य. १९७५ मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले. आता फिनलंड, स्वीडन, एस्टोनियासारख्या देशांतही हा खेळ रुजला आहे. नियम गोल्फसारखेच आहेत. ठरलेल्या जागेवरून सुरुवात करायची आणि कमीत कमी फेकींत चकती बास्केटमध्ये पोहोचवायची. मध्ये असतात ती झाडे. बरीच मैदाने जंगलातच आखलेली असल्यामुळे सरळ फेकून भागत नाही, चकती वळवावी लागते. इथे बहुतेक नवशिके मनगट पिळतात, खांदा वाकडा करतात, सगळा जोर लावतात. तरी चकती झाडावरच आपटते आणि दुखणे मात्र पदरात पडते.

वळण येते कुठून?

भोवरा कलला तरी लगेच पडत नाही, कललेल्या अवस्थेत गोल गोल फिरत राहतो. फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूने ढकलले, तर त्याचा परिणाम त्याच जागी न दिसता फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे दिसतो. चकतीच्या वळणाचे रहस्य यातच आहे.

उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. सुरुवातीला ती वेगात आणि जवळजवळ आडवी असते. तेव्हा हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्यबिंदूच्या थोडा मागे पडतो. जोर मागच्या कडेवर असला, तरी पाव फेरा पुढे म्हणजे डावी कड वर येते. चकती उजवीकडे कलते आणि उजवीकडे वळू लागते. पुढे वेग कमी होतो, चकती खाली येऊ लागते आणि हवा तिला खालच्या बाजूने भिडते. आता हवेचा जोर मध्यबिंदूच्या पुढे सरकतो. त्यामुळे उजवी कड वर येते आणि चकती डावीकडे वळत खाली उतरते. सुरुवातीच्या वळणाला खेळाडू ‘टर्न’ म्हणतात, शेवटच्या वळणाला ‘फेड’. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत या दिशा उलट होतात.

ही दोन्ही वळणे सगळ्याच चकत्या सारखी घेत नाहीत. कडेचा आकार, तिची रुंदी, घुमटाची उंची यांत थोडा फरक पडला, तरी वळण बदलते. कडेचा टोकदार भाग वरच्या बाजूला असेल, तर चकती सहसा लवकर डावीकडे जाते. तो खाली असेल, तर ती उजवीकडे सहज वळते. चकती झाडांवर, दगडांवर आपटून घासली गेली, तरी तिचा स्वभाव हळूहळू याच दुसऱ्या दिशेने बदलतो. म्हणून जुनी, झिजलेली चकती अनेक खेळाडू टाकून देत नाहीत. उजव्या वळणासाठी ती जपून ठेवतात.

चार आकड्यांची भाषा

बहुतेक चकत्यांवर चार आकडे छापलेले असतात. वेग, तरंगण्याची क्षमता, टर्न आणि फेड. टर्नचा आकडा उणे असेल, तर तो जितका मोठा तितके उजवे वळण जास्त. फेडचा आकडा जितका मोठा, तितकी चकती शेवटी जोरात डावीकडे जाते. उदाहरणार्थ, ‘लेपर्ड’चे आकडे ६, ५, उणे २, १ असे आहेत. ती मध्यम वेगाची, उजवीकडे सहज वळणारी आणि शेवटी थोडीच डावीकडे परतणारी आहे. ‘फायरबर्ड’चे आकडे ९, ३, ०, ४. ती उजवीकडे वळायला तयार नसते आणि शेवटी हमखास डावीकडे जाते. पहिल्या प्रकाराला ‘अंडरस्टेबल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ओव्हरस्टेबल’.

समोर झाडांची रांग आहे आणि बास्केट तिच्या पलीकडे आहे, असे समजा. चकती उजव्या हाताने बॅकहँड फेकायची आहे.

वाट डावीकडे वळत असेल, तर ओव्हरस्टेबल चकती बरी. तिची बाहेरची कड खाली झुकवून फेकली, तर वळण लवकर सुरू होते. सपाट फेकली, तर ते उशिरा येते. म्हणजे आडवे येणारे झाड जवळ आहे की लांब, ते आधी पाहायचे आणि मग कोन ठरवायचा.

वाट उजवीकडे वळत असेल, तर अंडरस्टेबल चकती सपाट फेकावी, ती आपणहून उजवीकडे जाते. इथे ओव्हरस्टेबल चकती बाहेरची कड वर करून जबरदस्तीने वळवायला गेलात, तर ती उजवीकडे जाऊन शेवटी पुन्हा डावीकडे परतते. झाड चुकले, तरी बास्केट दूरच राहते. कललेला कोन शेवटपर्यंत टिकावा, असे वाटत असेल, तर टर्न आणि फेड दोन्ही कमी असलेली संथ चकती उपयोगी पडते. ज्या कोनात सोडाल, त्याच कोनात ती बराच वेळ राहते. कॉनरॅडने पटर का निवडला, हे यावरून समजते.

वाट आधी बोगद्यासारखी अरुंद आणि शेवटी किंचित उजवीकडे असेल, तर अंडरस्टेबल चकती मुद्दाम बाहेरची कड खाली करून फेकतात. ती हवेत हळूहळू सपाट होते, झाडांमधून सरळ जाते आणि मग उजवीकडे झुकते. याखेरीज फोरहँडचा पर्याय असतोच. त्यात फिरण्याची दिशा उलटी होते आणि ओव्हरस्टेबल चकती शेवटी उजवीकडे जाते.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. समोरून वारा असेल, तर चकतीला हवेचा वेग जास्त जाणवतो. मग ती एरवीपेक्षा जास्त उजवीकडे वळते. वारा पाठीमागून असेल, तर ती लवकर डावीकडे पडते.

आकडे कोणाच्या हाताचे?

चकतीवरचे आकडे औषधाच्या मात्रेसारखे असतात. एकाला लागू पडलेली मात्रा दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. चकती ज्या वेगासाठी बनवली आहे, त्या वेगाने ती फेकली, तरच आकडे खरे ठरतात. व्यावसायिक खेळाडूंच्या हातून चकती ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटते. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तुमच्या फेकीचा वेग निम्मा असेल, तर तो जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. मग टर्न जवळजवळ दिसतच नाही आणि फेड लगेच सुरू होते. १२ वेगाची ‘डिस्ट्रॉयर’ जगज्जेत्यांच्या हातून डौलदार नागमोडी जाते. नवशिक्याच्या हातून तीच चकती सुटताच डावीकडे झुडपात शिरते.

दुकानात मात्र हात नेमका त्याच चकतीकडे जातो. वेगवान म्हणजे चांगली, असे वाटते. चकती वळत नाही, म्हणून खेळाडू आणखी जोर लावतो. हा जोर पाय आणि कमरेतून यायला हवा, पण येतो एकट्या हातातून. या खेळात कोपर, खांदा आणि पाठीच्या तक्रारी जास्त आढळतात. बॅकहँडमध्ये कोपराची बाहेरची बाजू दुखू शकते, फोरहँडमध्ये आतली. फेकीनंतर पुढचा पाय टाचेवर फिरू दिला नाही, तर गुडघ्याला पीळ बसतो.

त्यामुळे चकतीची निवड हा आरोग्याचाही प्रश्न आहे. पहिले काही महिने एक पटर, ५ वेगाच्या आसपासची एक मध्यम चकती आणि ६ किंवा ७ वेगाची एक अंडरस्टेबल चकती, एवढ्यावर भागते. वजन थोडे कमी असले, तर कमी जोरातही चकती वळते. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे चालावे, खांदे आणि कंबर मोकळी करावी आणि पहिल्या फेकी छोट्या अंतराच्या ठेवाव्यात. दुखणे विश्रांती घेऊनही थांबत नसेल, तर जिद्दीने फेकत राहू नये. डॉक्टरांना दाखवावे. अठरा लक्ष्यांची एक फेरी म्हणजे झाडांच्या सावलीत दोन-अडीच तासांचे चालणे. उतारवयातही झेपेल असा हा व्यायाम एका चुकीच्या चकतीपायी सुटणे परवडणारे नाही.

झाडासमोर उभे राहिल्यावर आधी वाट कुठे वळते ते पाहा, मग वारा पाहा आणि मग स्वतःच्या हाताचा खरा वेग मान्य करा. वळवण्याचे काम चकतीला करू द्या. ते तिच्याकडून होत नसेल, तर जोर वाढवू नका. पिशवीतून एक वेग कमी असलेली चकती काढा.