माहितीचे कप्पे कोणी पाडायचे?

आमच्या संस्थेत एकदा अपघाताचा सराव घेतला. हायड्रोफ्लुओरिक आम्ल हातावर सांडले आहे असे समजायचे आणि हात भरपूर पाण्याने धुतल्यावर लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम शोधून आणायचे. मलम कपाटात होते, संगणकावरील माहितीसाठ्यात त्याची नोंदही होती. तरी विद्यार्थ्यांना ती सापडेना. ते 'सुरक्षा' या शीर्षकाखाली पाहत होते; नोंद होती 'किरकोळ खरेदी'त. कप्पे हिशेब विभागाने पाडले होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत माहितीसाठ्यांत ही अडचण नेहमीची. प्रत्येक विभाग आपल्या सोयीने नोंदी लावतो. शोधणाऱ्याला मात्र आपले काम कोणत्या विभागाकडे येते हेच ठाऊक नसते. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन संगणक कंपनीत याकोब नीलसन आणि डॅरेल सानो यांनी कंपनीच्या अंतर्गत जाळ्याची आखणी करताना वेगळी वाट धरली. माहितीच्या प्रत्येक प्रकाराचे नाव एकेका कार्डावर लिहिले आणि वापरणाऱ्यांनाच त्यांचे गठ्ठे लावायला सांगितले.

पण माणसागणिक गठ्ठे वेगळे पडणार. मग कोणाचे खरे मानायचे? इथे मोजणी कामी येते. समजा, ४० कार्डे आणि १५ माणसे आहेत. ४० कार्डांच्या जोड्या होतात ७८०. प्रत्येक जोडी किती जणांनी एका गठ्ठ्यात ठेवली ते मांडायचे. तेरा-चौदा जणांनी एकत्र ठेवलेली कार्डे एका कप्प्यात जातात. सात-आठ जणांचीच जोडी अधिक बोलकी! तिथे एक कप्पा पुरत नाही. नोंद दोन्हीकडून सापडली पाहिजे. (शाळेच्या प्रयोगशाळेतील साहित्यावर हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून सहज करून घेता येईल.)

"मांडणी कशी हवी?" असे थेट विचारून फारसे हाती लागत नाही. लोक भिडेखातर "आहे ती ठीक आहे" म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

मांडणी ठरल्यावर उलट परीक्षा घ्यायची : नुसती शीर्षके दाखवून "अमुक वस्तू कुठे शोधाल?" असे विचारायचे.

आम्हीही पुढे कार्डे मांडली. मलम 'सुरक्षा'त जाणार याची आम्हा संशोधकांना खात्री होती. भांडारातल्या सेवकांनी मात्र ते कार्ड थेट आम्लाच्या कार्डाशेजारी ठेवले. आता आम्लाची नोंद उघडली, की मलम कोणत्या कपाटात आहे ते तिथेच दिसते.