वादळ येतंय, तुमचा प्लॅन काय?

आई-बाबा कोकणात, आपण मुंबई-पुण्यात आणि मध्ये एक मोबाइल नेटवर्क. वादळ आलं की सगळ्यात आधी जातं ते नेटवर्कच! म्हणून या मे महिन्यात गावी जाल तेव्हा आंब्याच्या पेटीबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन या.

३ जून २०२०. लॉकडाऊनचे दिवस. आमच्या ऑफिसातला एक मित्र ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता, पण डोळे टीव्हीवर. आई-बाबा श्रीवर्धन तालुक्यात. सकाळी फोन झाला तेव्हा वारा वाढला होता, पंचायतीची माणसं कच्च्या घरांतल्या लोकांना शाळेत हलवत होती. आपलं घर पक्कं आहे, आम्ही इथेच थांबतो, असं बाबा म्हणाले. दुपारनंतर फोन लागेना. तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आडनाव ऐकून ऑफिसमधलं कुणीही विचारायचं, काय रे, कळलं का काही? आणि याच्याकडे उत्तर नाही.

पाचव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गावातलाच एक मुलगा होता. तो बाइक काढून, पडलेल्या झाडांतून वाट काढत, रेंज मिळेल तिथपर्यंत आला होता. हातात वीसेक घरांची यादी. मुंबईतल्या एकेका पोराला फोन लावून तो सांगत होता, तुमचे सगळे बरे आहेत, छप्पर गेलंय, वाडी आडवी झालीय, पण माणसं बरी आहेत.

हा मुलगा कुठल्याही सरकारी प्लॅनमध्ये नव्हता. आणि आपल्या विषयाची खरी गोम तिथेच आहे.

काय जमलं, काय नाही

निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त. आपण वीकएण्डला जिथे मोदक खायला जातो, तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत झोपल्या. पोफळ पुन्हा लावली तर उत्पन्न यायला कित्येक वर्षं लागतात, म्हणजे तो फटका नुसता एका सीझनचा नव्हता.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. इतकं मोठं वादळ, वर कोरोना, तरीही हजारो लोक वेळेत हलवले गेले. होड्या किनाऱ्याला लागल्या. याचं कारण म्हणजे एक साखळी. हवामान खातं चार टप्प्यांत सूचना देतं: ७२ तास आधी पहिली चाहूल, ४८ तास आधी अॅलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग आणि १२ तास आधी, किनारा ओलांडल्यावर वादळ कुठे जाईल याचा अंदाज. ही सूचना मंत्रालयातल्या कंट्रोल रूममधून कलेक्टरकडे, तिथून तहसीलदाराकडे आणि शेवटी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्याकडे येते. गावात रिक्षावरचा भोंगा फिरतो तो या साखळीचा शेवटचा दुवा.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. त्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर आणि त्याच्या जोडीला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. प्रत्येक जिल्ह्याचा प्लॅन हवा आणि तो दरवर्षी तपासून अपडेट करायला हवा, हेही कायद्यातच आहे. हा प्लॅन बहुतेक वेळा जिल्ह्याच्या वेबसाइटवर सापडतो. जाडजूड पीडीएफ, त्यात निवाऱ्यांची यादी, जेसीबी कुणाकडे, बोटी कुणाकडे आणि पानंच्या पानं मोबाइल नंबर.

आता गंमत बघा. वादळात विजेचे खांब पडतात. मोबाइल टॉवरचा बॅकअप काही तास चालतो. रस्त्यावर झाडं आडवी, त्यामुळे डिझेल पोहोचत नाही. टॉवर बंद, की ती पानंच्या पानं नंबर नुसते छापलेले आकडे! वीज नाही म्हणून नळपाणी योजनेचा पंप बंद, एटीएम बंद. निसर्गनंतर रायगडच्या कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. वादळाआधीचे तीन दिवस प्लॅनने सांभाळले. वादळानंतरचे पाच दिवस मात्र गावाने आपापले काढले.

‘आपल्याकडे कुठे?’

चक्रीवादळ म्हणजे ओडिशा, आंध्र. अरबी समुद्रात कुठे येतं? असं म्हणायचे दिवस गेले. नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार समुद्रातून परतलेच नाहीत. २०२०मध्ये निसर्ग. लगेच मे २०२१मध्ये तौक्ते. ते तर मुंबईला धडकलंही नाही, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर होता, विमानतळ आणि सी लिंक बंद ठेवावे लागले. बॉम्बे हायजवळ समुद्रातच थांबलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून जास्त गेली. सूचना आधीच मिळालेली होती, बार्ज किनाऱ्याला आला नाही. सूचना मिळणं आणि ती ऐकणं यातलं अंतर किती महाग पडतं, ते इथे दिसलं.

समुद्र तापतोय आणि तापलेलं पाणी हेच वादळाचं पेट्रोल. त्यामुळे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आपलेही सीझन झालेत.

ओडिशाचं उदाहरण मुद्दाम घ्यावं असं आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावांत तरुणांची पथकं तयार केली, दरवर्षी ड्रिल घेतलं. २०१९च्या फनीच्या वेळी बारा लाख लोक हलवले आणि मृतांचा आकडा शंभरच्या आत राहिला. पैसा लागलाच, पण निवाऱ्याची किल्ली कुणाकडे हे पोराटोरांनाही माहीत असावं लागतं.

१ मेची मीटिंग

आता तुमचा रोल. १ मे म्हणजे आपल्याला लाँग वीकएण्ड, पण त्याच दिवशी गावात ग्रामसभा असते, वादळाच्या सीझनच्या अगदी तोंडावर! तुमचं नाव गावच्या मतदार यादीत नसेल तर आई-बाबांना उठवा. पाच प्रश्न पुरेत:

• निवारा कोणता आणि त्याची किल्ली कुणाकडे?
• जनरेटर कुणाकडे आणि डिझेल कोण भरून ठेवणार?
• झाडं कापायचा कटर गावात आहे का, की तालुक्याहून येणार?
• एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी कुणाकडे?
• फोन बंद पडल्यावर निरोप घेऊन कोण, कुठवर जाणार?

घरच्यांसाठी

• महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. जिल्हा कंट्रोल रूम १०७७, मुंबईत महापालिकेचा १९१६, इमर्जन्सीला ११२.
• बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, थोडी कॅश, चार्ज केलेली पॉवर बँक, तीन दिवसांचं पाणी.
• सातबारा, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत. घराचे आणि वाडीचे आताचे फोटो तुमच्या फोनमध्ये. पंचनाम्याच्या वेळी कामाला येतात.
• वारा एकदम थांबला तर बाहेर पडायचं नाही. तो वादळाचा डोळा असू शकतो, मग वारा उलट्या दिशेने परत येतो.

आमच्या मित्राच्या ठाण्यातल्या फ्रीजवर आता एक कागद आहे. त्यावर गावातल्या वीस घरांचे आणि त्यांच्या मुंबईतल्या पोरांचे नंबर. तसाच कागद गावी त्या बाइकवाल्या मुलाच्या घरी. दर १ मेला नंबर तपासायचे, बदलले असतील तर खोडून नवे लिहायचे. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

तुमच्या फ्रीजवर काय आहे? पिझ्झावाल्याचं मॅग्नेट? छान. त्याखाली एक कागद लावायला जागा आहे.