घोड्यांच्या सेवेला जाताय? आधी धनुर्वाताची लस

टांग्याच्या, वरातीच्या कामातून सोडवलेले जखमी घोडे सांभाळणाऱ्या केंद्रात तुमच्या घरचे कोणी मदतीला जाणार असेल, तर आधी धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहा. लाथेची भीती सगळ्यांनाच असते. हा जंतू मात्र दिसत नाही. तो घोड्याच्या आतड्यात असतो, लिदीतून मातीत जातो आणि तिथे वर्षानुवर्षे टिकतो. तबेला झाडताना गंजका खिळा लागला, की जखमेतून आत शिरतो. मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी ताणते. नाव त्यावरूनच पडले. चप्पल नको, बंद बूट घाला. जखमेवर राख, चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा. शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात टीडीची सुई घ्या. घोडा चावला असेल, तर डॉक्टरांना रेबीजबद्दलही विचारा.