मार्लवाईचे परदेशी जोडपे

इंद्रवेल्लीच्या बाजारात एकाने विचारलं, "मार्लवाईत गोऱ्या बाईची समाधी कशी काय?" म्हणून ही पोस्ट.

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ आणि पत्नी बेटी १९४०च्या दशकात आजच्या तेलंगणातल्या मार्लवाई गावात गोंड आदिवासींमध्ये राहिले. गोंड नेता कुमरम भीमच्या उठावानंतर निजाम सरकारला आदिवासींचं दुखणं समजून घ्यायचं होतं, ते काम हायमेन्डॉर्फांकडे आलं.

नुसता अहवाल लिहून हे परतले नाहीत. गोंड शिक्षक घडवणारी शाळा उभी राहिली. पुस्तकं गोंडीत, लिपी मात्र देवनागरी! केसलापूरच्या नागोबा जत्रेतला दरबारही त्यांनीच सुरू केला.

मुलगा निकोलस, गावच्या पाटलावरून त्याला लच्छू पटेल हेही नाव दिलं. मला तरी हेच सगळ्यात भारी वाटतं.

बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या, दफन मार्लवाईत. पुढे हायमेन्डॉर्फांच्या अस्थीही शेजारीच आल्या.

रविवारी निवांत जाऊन या. काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा.